पोरगीच नको म्हनली

तोडकर सर आमच्या घरी आले तेव्हा मी ओसरीत अँप्लिफायर उघडून बसले होते. हातात पेचकस, मांडीवर वायरींचा गुंता. सरांना पाहून उठायला गेले तर तो सगळा संसार फरशीवर सांडला.

"असू दे, असू दे," सर हसले. "काय बिघडलंय?"

"एक बाजू बोलतच नाही, सर. कालच्या लग्नात मंगलाष्टकं अर्ध्या मांडवालाच ऐकू गेली."

"म्हणजे अर्धंच लग्न लागलं म्हणायचं."

अप्पा जरा जास्तच मोठ्याने हसले. माझे अप्पा म्हणजे काशिनाथअप्पा हलकुडे. 'बसवेश्वर मंडप आणि लाउडस्पीकर'चे मालक, हमाल आणि निवेदक, तिन्ही तेच. माइक हातात आला की ते सगळ्या गावाला पंगतीत बसवायचे आणि उठवायचेही. घरात मात्र मायने "तेल संपलंय" एवढं म्हटलं तरी त्यांना बाहेर काम निघायचं. लग्नसराईचे शेवटचे दिवस होते, तरी त्या दुपारी ते धुतलेला शर्ट घालून घरी बसले होते. सर सतरंजीवर टेकतात न टेकतात तोच माय शिऱ्याच्या बशा घेऊन आली. मला आनंद एवढाच झाला की पाहुण्यामुळे आपल्यालाही एक बशी मिळणार.

सर आम्हाला दहावीला गणित शिकवायचे आणि त्याच आवारातल्या ज्युनिअर कॉलेजातही शिकवायचे. त्यांच्यासारखा मास्तर आमच्या तालुक्यात दुसरा नव्हता. हे मी आज, सगळं होऊन गेल्यावरही म्हणते. त्यांची मीनल माझ्या वर्गात होती, माझ्याच बाकावर. दहावीला मी पहिली आले आणि मीनल दुसरी.

ते दिवस लातूरचे होते. आमच्या भागात ज्याला बरे मार्क पडत तो अकरावीला लातूर गाठायचा. तिथल्या मोठ्या कॉलेजचं नाव सांगितलं की समोरचा माणूस बसायला खुर्ची पुढे करायचा. त्या कॉलेजच्या पहिल्या यादीत माझं नाव लागलं होतं, मीनलचंही लागलं होतं. अप्पांना ही बातमी एका लग्नाच्या मांडवात कळली. मग काय! अक्षता पडल्या, बँड थांबला, आणि "सर्वांनी जेवल्याशिवाय जाऊ नये" याच्या मागोमाग अप्पांनी माइकवर सांगून टाकलं, "आमची शैला लातूरला चाललेली हाय हो! आशीर्वाद असू द्या!" नवरानवरी बाजूला राहिले आणि लोक अप्पांच्या पाया पडायला आले. आठवीपासून त्यांचं एकच पालुपद होतं, पोरीला लातूरला घालणार.

आता सर आले होते ते मला तिथे जाऊ नको म्हणायला.

"शैलजा, तुला खरं सांगू?" सर म्हणाले. "ते कॉलेज वाईट नाही. पण ते तुझं नाही."

"म्हणजे, सर?"

"तुला एक गोष्ट तीनदा विचारल्याशिवाय कळत नाही. एकदा कळली की जन्मात विसरत नाहीस, ते वेगळं. पण तिथे वर्गात पोरं किती असतात ठाऊक आहे? मागून हात वर केलास तर मास्तरला वाटेल पंखा चालू कर म्हणतेय. तिथे पळणाऱ्या पोरांचं काम आहे. तू पळणारी नाहीस. तू उघडून बघणारी आहेस." त्यांनी फरशीवरच्या अँप्लिफायरकडे बोट दाखवलं.

मला राग आला आणि बरंही वाटलं. माझ्याबद्दल इतकं नीट कोणी कधी बोललं नव्हतं.

"आणि खर्च," सर हळू आवाजात म्हणाले. "होस्टेल, खानावळ, वर शिकवण्या. कॉलेजात नाव असतं आणि शिकणं शिकवणीत असतं, असा तिथला कारभार. इथे प्रयोगशाळा दिवसभर रिकामी असते. किल्ली तुझ्याकडे देतो. गणित मी, फिजिक्स मी. अडलं तर घर दोन गल्ल्यांवर आहे."

मी अप्पांकडे पाहिलं. ते शिऱ्यातला बेदाणा चमच्याने बशीभर फिरवत होते.

"माज्याकडं काय बगलालीस?" ते म्हणाले. "मी तर घालायला तयार हाय. गावाला बोलून बसलोय. तुजी मर्जी."

"मीनल पण इथंच राहणार का, सर?" मी विचारलं.

सरांनी तांब्या उचलला, वरून पाणी प्यायले, रुमालाने ओठ पुसले. "हो. दोघी मिळून अभ्यास करा. संध्याकाळी आमच्या घरीच बसा."

त्या शब्दाने माझं ठरलं. मीनल राहणार असेल, पोटची पोर सर इथेच ठेवणार असतील, तर मग प्रश्नच मिटला. सोळा वर्षांच्या पोरीला आणखी काय पुरावा लागतो?

"मग मी इथंच शिकते," मी म्हणाले.

माय आतून कुंकवाचा करंडा घेऊन आली. शाळा सोडल्याचा माझा दाखला तिने देव्हाऱ्यात ठेवला होता, त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि सरांच्या हातात दिला. आमच्याकडे ही रीतच होती. उन्हाळा सरत आला की कॉलेजचे मास्तर गावोगाव पोरं गोळा करत फिरायचे, आणि जिथे होकार मिळेल तिथे अस्सल दाखला लगेच ताब्यात घ्यायचे. दाखला गेला की पोर गेलं. दुसरीकडे कुठेच प्रवेश मिळायचा नाही. सरांनी तो दुमडला नाही, पिशवीतल्या पुठ्ठ्यांच्या मध्ये जपून ठेवला.

त्यानंतरचे काही दिवस मी हवेत होते. अप्पांबरोबर बाजारात गेले की हॉटेलवाला, किराणावाला, जो तो विचारायचा, "काय अप्पा, लातूरचं काय झालं?" अप्पा सुस्कारा सोडून म्हणायचे, "मी तर घालत होतो हो. पोरगीच नको म्हनली." आणि मी त्यांच्या शेजारी मान ताठ करून उभी राहायची. लातूरला नको म्हणणारी गावातली पहिली पोरगी मी! लोक म्हणायचे, शहाणी आहे. काही म्हणायचे, येडी आहे. मला दोन्ही आवडायचं, कारण दोन्हींत निर्णय माझा होता.

आणखी एक गोष्ट झाली. मी राहिले म्हटल्यावर आमच्या वर्गातली चारसहा पोरंही राहिली. "शैला राहते तर आपलं काय जातंय," असं त्यांच्या घरी झालं. त्याचाही मला गर्व होता.

कॉलेज उघडलं त्या सकाळी मी मीनलला हाक मारायला तिच्या घरी गेले. मधल्या दिवसांत ती भेटली नव्हती, आजोळी गेली आहे असं कळलं होतं. काकू दारातच भाजी निवडत होत्या. मला बघून त्यांचा हात भाजीतच थांबला.

"मीनल तयार झाली का, काकू?"

"मीनल?" काकू म्हणाल्या. "अगं ती... तुला सरांनी सांगितलं नाही का?"

"काय?"

"ती लातूरला गेली, शैला. होस्टेलला सोडून आले ना सर रविवारी."

मला आधी कळलंच नाही. मी वेड्यासारखं विचारलं, "परत कधी येणार?"

"दिवाळीला," काकू म्हणाल्या आणि भाजी न निवडताच सूप उचलून आत गेल्या.

कॉलेजपर्यंतचा रस्ता मी कशी चालले आठवत नाही. सर मैदानात कडुलिंबाखाली उभे राहून नव्या पोरांना वर्ग दाखवत होते. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मीनल कुठाय, सर?"

त्यांनी पोरांना आत पाठवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लातूरला."

"तुम्ही तर म्हणालात, ती इथंच राहणार."

"म्हणालो."

"खोटं बोललात."

"तेवढं एक खोटं बोललो," सर म्हणाले. "बाकी तुझ्याबद्दल जे बोललो त्यातला एक शब्द खोटा नाही."

"ते कॉलेज एवढं वाईट असेल तर मीनलला कशाला घातलंत?"

"वाईट म्हणालो नव्हतो. तिला चालेल. ती पळणारी आहे." मग म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर माझी छाती झाली नाही. उद्या तिचं काही चुकलं तर बायको म्हणेल, तुमच्या तुकडीपायी पोरीचं वाटोळं केलंत. दुसऱ्याच्या लेकराचा विचार थंड डोक्याने करता येतो, शैलजा. आपल्या लेकराचा नाही येत."

"कसल्या तुकडीपायी?"

सर कडुलिंबाच्या पारावर बसले. एवढे मोठे सर एकदम लहान दिसायला लागले. "पोरं भरली नाहीत तर यंदा विज्ञानाची तुकडी बंद होणार होती. तू राहिलीस म्हणून बाकीची राहिली. तुकडी वाचली. चौघा मास्तरांच्या नोकऱ्या वाचल्या. त्यात माझीही आहे."

म्हणजे मी आमिष होते! गळाला लावायचं गांडूळ! आणि मी बाजारातून मान ताठ करून फिरत होते.

"माझा दाखला द्या," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण तसा मी कधी ऐकला नव्हता.

मला वाटलं होतं ते समजूत घालतील, दरडावतील, नियम सांगतील.  पण सर कारकुनाच्या खोलीत गेले, दाखला आणला, माझ्या हातात दिला. "लातूरची दुसरी यादी लागायची आहे अजून," ते म्हणाले. "आज-उद्या गेलीस तर घेतील तुला. मी चिठ्ठी देतो."

"तुमची चिठ्ठी नको मला."

"बरं. पण जायच्या आधी अप्पांशी बोल."

"बोलणारच आहे!" मी म्हणाले. मनात आलं, अप्पांना कळलं की ते याला भर चौकात माइकवर सोलतील.

घरी अप्पा ओसरीत वायरची गुंडाळी करत होते. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, एकसारखी.

"अप्पा, उठा. लातूरला जायचंय."

"आं?"

"सरांनी फसवलं आपल्याला. मीनल लातूरला गेली. तुकडी वाचवायची होती त्यांना, म्हणून मला धरलं. दाखला परत आणलाय मी. दुपारची एसटी मिळंल. उठा ना!"

अप्पांच्या हातातली गुंडाळी चालूच राहिली. ते उठले नाहीत, चिडले नाहीत, "काय सांगलालीस" असंसुद्धा म्हणाले नाहीत.

"अप्पा, मीनल गेली लातूरला!"

"ठाव हाय," ते म्हणाले.



"कवापासून ठाव हाय?"

उत्तर मायने दिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "आता सांगून टाका की. लेकराला किती फिरवावं."

अप्पांनी वायर खाली ठेवली. माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तसं ते बोलले, "मीच बोलावलो होतो सरांला. त्यांच्या घरी जाऊन पाया पडलो. म्हनलो, पोरीला समजावा. पैसा न्हाई, शैला. वादळात मंडप फाटला तवापासून कर्ज निस्तरलालो, अजून निस्तरंना. होस्टेल, शिकवन्या कुठून आनू? अन तिकडं माइकवर बोलून बसलो."

"मग मला सांगायचं होतं की."

"तुला न्हाई कसं म्हनू? आठवीपासून म्हनलालो लातूर लातूर. तोंड रेटंना. म्हनलं, सर तुला पटवून देतील. तू आपल्या मनानं नको म्हनलीस तर तुला बी वाईट वाटनार न्हाई, अन..."

"अन काय?"

"अन लोकांत बी बरं दिसंल."

बाजारातले सगळे सुस्कारे मला एकदम ऐकू आले. मी तर घालत होतो हो. पोरगीच नको म्हनली. हॉटेलवाल्यापाशी, किराणावाल्यापाशी, माझ्याच खांद्यावर हात ठेवून. तो धुतलेला शर्ट आठवला. सर यायच्या आधीच चुलीवर चढलेला शिरा आठवला. मायसुद्धा! मायनेसुद्धा दाखल्याला हळदकुंकू लावताना माझ्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. परक्याने फसवलं तर घरी येऊन रडता येतं. मी घरी आले होते, आणि रडायला तिथे कोणी उरलंच नव्हतं.

"सरांनी मला हे सांगितलं नाही," मी म्हणाले.

"मी शपत घातलो होतो त्यांला."

म्हणजे कडुलिंबाखाली तो माणूस माझी बोलणी खात उभा राहिला आणि अप्पांचं नाव त्याने काढलं नाही. पण त्याचाही राग गेला नाही माझा. त्याला तुकडी हवी होती, यांना अब्रू. दोघांनी मिळून एका दगडात दोन पक्षी मारले, आणि तो दगड मी होते.

अप्पा एकाएकी माझ्याकडे वळले. डोळे भरले होते. "तू म्हन आता. अजून जायचं म्हनलीस तर मंडप इकतो. उद्या इकतो. तू फकस्त म्हन."

 मंडप विकायचा, घरादाराने उपाशी राहायचं, आणि तेही माझ्या तोंडून निघायला हवं होतं. पुन्हा सगळं पोरीच्याच गळ्यात!

"विकू नका," मी म्हणाले. "मी इथंच शिकते. पण एक करा. आता कुणी विचारलं तर पोरगी नको म्हनली असं सांगायचं नाही. आम्हाला परवडलं नाही असं सांगायचं."

अप्पांनी मान हलवली. माय म्हणाली, "कशाला गं लेकरा, झालं ते झालं," आणि मी तिला गप्प बस म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी दाखला कारकुनाच्या टेबलावर ठेवला आणि वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसले. सर आत आले. माझ्याकडे पाहून क्षणभर थांबले आणि शिकवायला लागले. दोन वर्षं मी त्यांना प्रत्येक गोष्ट तीनदा विचारली, कधी मुद्दाम चौथ्यांदाही. ते चारही वेळा सांगायचे. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच असायची. त्यांच्या घरी मात्र मी पाऊल ठेवलं नाही, आणि मीनल दिवाळीला आली तेव्हा मी तापाचं निमित्त करून पांघरुणात पडून राहिले.

सरांचा सल्ला पुरेपूर खरा ठरला. लातूरच्या गर्दीत मी बुडाले असते, हे मला पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर नीट कळलं. तिथे धाप लागलेली, पाठांतराने पिवळी पडलेली किती पोरं भेटली. मी मात्र उघडून बघायची सवय घेऊन गेले होते, आणि त्याच सवयीवर आज माझं पोट चालतं. पुण्यात एका कंपनीत मी स्पीकरचे आवाज तपासते. मीनलचं लातूरला वाईट झालं असतं तर या गोष्टीला न्याय तरी मिळाला असता. पण तिचंही छान झालं. ती डॉक्टर आहे. सगळ्यांचंच बरं झालं, आणि म्हणूनच मला भांडायला जागा राहिली नाही.

गेल्या वर्षी अप्पा माझ्याकडे राहायला आले होते. आता ते थकलेत, आवाजही बसलाय. माझ्या मुलीची दहावी झाली होती आणि घरात कॉलेजांचीच चर्चा चालू होती. मी आणि माझा नवरा तिला समोर बसवून आमची ऐपत, तिची आवड, प्रत्येक कॉलेजचं बरंवाईट, सगळं उघड सांगत होतो. ती चिडत होती, भांडत होती, पाय आपटत वर जात होती आणि परत येऊन पुन्हा भांडत होती. अप्पा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ती झोपायला गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"शैला, खरं सांग. आमचं चुकलं होतं का?"

"नाही, अप्पा. तुम्ही ठरवलंत ते बरोबरच होतं."

"मग इतकी वर्सं घुम्यावानी कामून ऱ्हातीस माज्याशी?"

मी त्यांचं पांघरूण नीट केलं. त्यांना दुखवायचं नव्हतं, पण खोटंही बोलायचं नव्हतं. आमच्या घरात तेवढं एकदा पुरे झालं होतं.

"खरं सांगितलं असतंत तर मीही कदाचित तेच म्हणाले असते, अप्पा. एकदा विचारायचं तरी होतंत."

 अप्पा म्हणाले, "म्हनली असतीस. तू शहाणीच हाईस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

म्हणाले असते का? मला ठाऊक नाही. कदाचित थयथयाट केला असता, दोन दिवस जेवले नसते आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले असते. कदाचित मंडप विकायला लावला असता. सोळा वर्षांची शैला काय म्हणाली असती हे कळायची एकच वेळ होती, आणि त्या वेळी सगळे तिच्याऐवजी बोलत होते.